जुना गेम आधी चालता करा, चकाकी नंतर

२००५ साली 'जीटीए सॅन अँड्रियास' कॉम्प्युटरवर आला तेव्हा त्याला एक गिगाहर्ट्‌झचा पेंटियम थ्री, २५६ एमबी रॅम आणि ६४ एमबीचं ग्राफिक्स कार्ड पुरायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तोच गेम 'जीटीए थ्री' आणि 'व्हाइस सिटी'सोबत नव्या रंगरंगोटीत बाजारात आला आणि किमान ८ जीबी रॅम, जीटीएक्स ७६०च्या तोडीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि तिन्ही गेम मिळून ४५ जीबी जागा मागू लागला. सोलापुरात पोरांच्या खोल्यांमधून जे कॉम्प्युटर दिसतात ते बरेचसे पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून निघालेले सेकंडहँड डेस्कटॉप असतात. चौथ्या नाहीतर सहाव्या पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह, ४ किंवा ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाहीच. जुना सॅन अँड्रियास त्यावर विनातक्रार पळतो. नवा धड उघडतही नाही. मग ही डागडुजी झाली कुणासाठी?

रिमास्टर करावेत की नवे गेम बनवावेत, हा वाद एरवी आवडीनिवडीचा म्हणून घातला जातो. एका बाजूला आठवणींत रमणारे, दुसऱ्या बाजूला 'काहीतरी नवीन करा की' म्हणणारे. माझ्या मते त्याचं उत्तर गरज बघून द्यायला हवं. रिमास्टर हे दुरुस्तीचं काम आहे आणि दुरुस्ती मोडलेल्या वस्तूची करतात. जो गेम आज विकत मिळत नाही, नव्या विंडोजवर उघडत नाही, ज्याच्या सीडी कपाटात पडून खराब होताहेत, त्याचा रिमास्टर एखाद्या चांगल्या नव्या गेमइतकाच मोलाचा आहे. जो धडधाकट चालतोय त्याला पुन्हा रंग द्यायला शेकडो माणसांची वर्षं घालवणं ही उधळपट्टी आहे, त्यापेक्षा नवा गेम करावा. उद्योग मात्र नेमका उलटा चालतो. मोडलेले गेम मोडलेलेच राहतात आणि चालत्या गेमला दर सहा-सात वर्षांनी नवं कातडं चढतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. जुना गेम जसाच्या तसा नव्या यंत्रावर चालवणं म्हणजे पोर्ट. मूळ सांगाडा ठेवून चित्रं, आवाज, रिझोल्यूशन सुधारणं म्हणजे रिमास्टर. सगळं पाडून त्याच नकाशावर नव्यानं बांधणं म्हणजे रिमेक. जाहिरातींत तिन्हींची सरमिसळ असते. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

रिमास्टरचं काम सुरू होतं ते सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला गेमचा मूळ मजकूर, शोधण्यापासून, आणि कितीतरी प्रकल्प तिथंच लंगडे पडतात. सोलापुरी चादरीच्या मागावर जकार्ड असतो आणि नक्षी असते पंचकार्डांच्या माळेत. चादर हातात आहे पण कार्डं हरवली, तर कुणालातरी भिंग घेऊन, धागा मोजून, आलेखाच्या कागदावर ती नक्षी पुन्हा उतरवावी लागते. गेमचंही तसंच. दुकानात विकलेली सीडी ही चादर, सोर्स कोड आणि चित्रांच्या मूळ फाइली ही कार्डं. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं ती कार्डं नीट जपून ठेवायची शिस्त बहुतेक कंपन्यांत नव्हती.

२०१२ मध्ये 'सायलेंट हिल'चा एचडी संग्रह आला. तो करणाऱ्या स्टुडिओच्या हाती जो कोड पडला तो अंतिम आवृत्तीचा नव्हताच, त्याआधीचा अर्धवट होता. त्यामुळे मूळ टीमनं दहा वर्षांपूर्वी सोडवलेले बग पुन्हा उगवले आणि ते पुन्हा सोडवत बसावं लागलं. 'किंगडम हार्ट्‌स'च्या एचडी आवृत्तीच्या वेळी मूळ डेटाच सापडला नाही, बरंच काही विकलेल्या डिस्कमधून उकरून नव्यानं तयार करावं लागलं. 'स्टारक्राफ्ट'च्या सोर्स कोडची डिस्क तर २०१७ मध्ये कुणाला तरी ऑनलाइन लिलावात घेतलेल्या जुन्या सामानाच्या खोक्यात मिळाली आणि त्यानं ती कंपनीला परत केली.

कोड मिळाला तरी तो कंपाइल व्हायला, म्हणजे यंत्राला कळेल अशा भाषेत उतरायला हवा. १९९८च्या व्हिज्युअल सी प्लस प्लस सिक्सवर लिहिलेला कोड आजच्या कंपायलरला दिला की पहिल्या दिवशी हजारो एरर येतात. वेगासाठी त्या काळी कोडमध्येच असेंब्लीचे, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेतले, तुकडे टाकायची पद्धत होती, आणि मायक्रोसॉफ्टचा ६४-बिट कंपायलर ते तुकडे स्वीकारतच नाही. ते सगळे हातानं पुन्हा लिहावे लागतात. ३२-बिटमध्ये पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, ४ बाइटचा असतो, ६४-बिटमध्ये ८ बाइटचा. जुन्या गेमनं मेमरीतला ढाचा जसाच्या तसा सेव्ह फाइलमध्ये ओतलेला असेल, तर ढाच्याची लांबी बदलते आणि जुने सेव्ह वाचताना गेम कोसळतो. हे काम दिसत नाही, ट्रेलरमध्ये येत नाही, आणि गेम पुढची वीस वर्षं जगणार की नाही हे नेमकं त्याच्यावर ठरतं.

मग फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं (फ्रेम) येतात ते. जुन्या अनेक गेममध्ये घड्याळ म्हणजेच फ्रेम. प्रत्येक फ्रेमला गाडी इतकी सरकणार, गोळी इतकी पुढे जाणार, असं गणित. फ्रेम दुप्पट झाल्या की जगच दुप्पट वेगानं धावतं, निम्म्या झाल्या की अर्ध्या वेगानं. 'सॅन अँड्रियास'मध्ये सेटिंगमधला फ्रेम लिमिटर बंद करून बघा: पोहणं मंदावतं, गाड्यांचं वागणं बिघडतं. 'डार्क सोल्स टू' २०१४ मध्ये कॉम्प्युटरवर ६० फ्रेमनं चालू लागला तर हत्यारं ३० फ्रेमच्या तुलनेत दुप्पट वेगानं झिजायची. फ्रेम आणि घड्याळ वेगळं करायचं म्हणजे कोडमधली हालचालीची प्रत्येक ओळ तपासायची. त्याला वरून फिल्टर लावून भागत नाही.

चित्रांचं गणितही बघण्यासारखं आहे. जुनं टेक्सचर, म्हणजे वस्तूवर चढवलेलं चित्र, असायचं २५६ बाय २५६, म्हणजे ६५,५३६ पिक्सेल. ते चौपट लांबी-रुंदीचं केलं की १०२४ बाय १०२४, म्हणजे १०,४८,५७६ पिक्सेल, सोळापट. त्यातले पंधरा भाग कुठून आणायचे? चित्रकारानं पुन्हा काढायचे, नाहीतर एआय अपस्केलरला अंदाजानं भरू द्यायचे. दुसरा मार्ग स्वस्त, म्हणून मोह त्याचाच. त्यात पुन्हा आजच्या प्रकाशयोजनेला एका पृष्ठभागासाठी एकच चित्र पुरत नाही. रंग, उंचसखलपणा, खडबडीतपणा आणि धातूपणा असे निदान चार नकाशे लागतात. जुन्या चित्रकारानं सावली टेक्सचरमध्येच रंगवून ठेवलेली असते. ती न पुसता नवा प्रकाश टाकला की विटेखाली दोन सावल्या पडतात, एक खरी आणि एक १९९९ची.

मशीनच्या भरवशावर सोडल्यावर काय होतं याचा नमुना त्याच जीटीए संग्रहात आहे. 'सॅन अँड्रियास'मध्ये 'टफ नट डोनट्स' नावाचं दुकान आहे. पाटीवर भलामोठा नट, बोल्टला लावतात तो, षट्कोनी. विनोद एवढाच की नाव टफ नट म्हणून पाटीवर नट. कोपरे गुळगुळीत करणाऱ्या स्वयंचलित प्रक्रियेनं त्या नटाचे सहाही कोन घासून त्याचं गोल चाक केलं. ज्यानं तो मूळ मॉडेल पाहिला होता त्याला हे एका नजरेत कळलं असतं, पण तिथं नजर नव्हती. असंच पाट्यांवरच्या अक्षरांचं झालं. धूसर अक्षरं मशीननं वाटेल तशी वाचली आणि चुकीचं स्पेलिंग ठळक करून छापलं.

त्याहून मोठी चूक धुक्याची. मूळ गेममध्ये दूरचं धुरकट होतं ते प्लेस्टेशन टूची ताकद कमी होती म्हणून. पण नकाशा रचणाऱ्यांनी त्या धुक्याचा उपयोग करून घेतला होता. तीन शहरं, मधलं वाळवंट, डोंगर हे सगळं खरं तर एकमेकांना खेटून आहे, धुक्यामुळे ते राज्याएवढं मोठं वाटायचं. नव्या आवृत्तीनं धुकं काढलं आणि डोंगरावर उभं राहिलं की एका शहरातून दुसरं शहर दिसू लागलं. भला थोरला प्रदेश खेळण्यातल्या मांडणीसारखा झाला. पाऊस पांढऱ्या रेघांचा झाला, त्यातून रस्ता दिसेना. धुकं नंतरच्या अपडेटनी परत आणलं, आणि जुन्या धाटणीचा प्रकाश कॉम्प्युटर आणि कन्सोलवर मिळायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. म्हणजे तीन वर्षं खपून गेम जिथं मुळात होता त्याच्या जवळपास परत आला.

इथं कुणी म्हणेल, एका वाईट उदाहरणावरून सगळ्यांना झोडपू नका. बरोबर आहे. चांगली उदाहरणं आहेत, आणि ती का चांगली ठरली हे बघितलं की मुद्दा आणखी पक्का होतो. 'डायब्लो टू'ची २०२१ची आवृत्ती घ्या. तिच्या पोटात मूळ गेमचंच गणित चालतं, सेकंदाला २५ फ्रेमच्या जुन्या ठोक्यावर. नवी त्रिमितीय चित्रं त्याच्यावर पांघरलेली आहेत. कीबोर्डवरचं 'जी' दाबलं की पांघरूण बाजूला होतं आणि २००० सालचा पडदा समोर येतो. काही बिघडलं असेल तर खेळणाऱ्याला तिथल्या तिथं ताडून बघता येतं. 'कमांड अँड कॉन्कर'चा २०२० मधला संग्रह मूळ निर्मात्यांपैकी काहींनीच केला, आणि कंपनीनं गेमच्या मुख्य भागाचा सोर्स कोड जीपीएल या कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला केला. उद्या कंपनी राहिली नाही तरी ते गेम राहतील.

आणि 'एज ऑफ एम्पायर्स टू'. हा गेम १९९९चा, तेव्हा ३२ एमबी रॅमवर चालायचा. विंडोज सेव्हनच्या काळात त्याचं गवत जांभळं आणि पाणी लालसर दिसायचं, हे ज्यांनी तो खेळलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कारण साधं होतं. गेम २५६ रंगांची स्वतःची पेटी वापरायचा आणि त्याच पेटीत विंडोजचं डेस्कटॉप हात घालायचं. उपायही तितकाच गावठी: टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करायचं, मग गेम सुरू करायचा. ही खरी मोडतोड होती, आणि तिची दुरुस्ती आधी २०१३च्या एचडी आवृत्तीनं आणि मग २०१९च्या डेफिनिटिव्ह आवृत्तीनं केली. तिला किमान ४ जीबी रॅम आणि इंटेलचं एचडी ४०००, म्हणजे प्रोसेसरमध्येच बसवलेलं ग्राफिक्स, पुरतं. वर सांगितलेल्या सेकंडहँड डेस्कटॉपवर ती चालते. अतितपशिलाची चित्रं वेगळ्या, मोफत पॅकमध्ये ठेवली आहेत, ज्याला झेपेल त्यानं घ्यावीत. शिवाय एप्रिल २०२२ मध्ये 'डायनेस्टीज ऑफ इंडिया'नं आधीच्या एकाच सरसकट 'इंडियन्स' संस्कृतीचे हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे चार वेगळे पक्ष केले. असा रिमास्टर नव्या गेमशी स्पर्धा करत नाही, स्वतःच नवा होतो. मराठे अजून नाहीत, ती तक्रार वेगळी.

याच्या उलट टोकाला 'वॉरक्राफ्ट थ्री रिफोर्ज्ड', जानेवारी २०२०. दाखवलेल्या सुधारणांतल्या बऱ्याच आल्याच नाहीत, हा एक भाग. संताप झाला तो दुसऱ्या गोष्टीवरून. ज्यांनी नवी आवृत्ती घेतलीच नव्हती त्यांचाही जुना गेम अपडेटमधून बदलला गेला, क्लॅन (खेळाडूंचे गट) आणि क्रमवारीच्या शिड्या गायब झाल्या. दुरुस्तीला दिलेली नव्हती ती वस्तूसुद्धा मोडून परत आली. जीटीएच्या वेळीही ऑक्टोबर २०२१ मध्ये, नवा संग्रह येण्याच्या तोंडावर, जुने तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून उतरवले गेले होते, पुढे आरडाओरड झाल्यावर कॉम्प्युटरसाठी ते परत ठेवले. रिमास्टरला माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथं आहे. तो मूळ गेमच्या शेजारी उभा राहण्याऐवजी त्याच्या जागेवर बसतो.

मूळ खोटीचं काय करायचं, हा प्रश्न त्यातूनच येतो. 'आयजीआय' आपल्याकडच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आणि सायबर कॅफेत एके काळी घरोघरचा होता. त्यात मोहिमेच्या मध्ये सेव्ह करता येत नाही. अर्धा तास दबकत गेलं आणि शेवटच्या पहारेकऱ्यानं टिपलं की पहिल्यापासून सुरुवात. कुणी त्याचा रिमास्टर केला तर सेव्ह द्यावा का? द्यावा, पण बंद करता येईल असा. कारण कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून जी धडधड होते ती सेव्ह नसल्यामुळेच होते. अडचण आणि स्वभाव यांतला फरक ओळखता येणं हे रिमास्टर करणाऱ्याचं खरं कौशल्य, आणि त्यासाठी गेम स्वतः शंभरदा खेळलेली माणसं लागतात. कंत्राटावर आणलेला चित्रकारांचा ताफा त्याला पुरत नाही.

आता निवड कुणाची होते ते बघू. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये मांडलेला आकडा असा: अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. दुसरीकडे 'द लास्ट ऑफ अस' २०१३ मध्ये आला, २०१४ मध्ये त्याचा रिमास्टर, २०२२ मध्ये पुन्हा रिमेक. 'होरायझन झीरो डॉन' २०१७चा, आजही देखणा, त्याचा रिमास्टर २०२४ मध्ये. यातलं काहीच मोडलेलं नव्हतं. उलट २००५चा 'नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड', ज्याच्यावर आपल्याकडची एक अख्खी पिढी स्टिअरिंगशिवाय गाडी शिकली, तो आज कुठल्याच ऑनलाइन दुकानात विकत मिळत नाही. गाड्यांच्या कंपन्यांचे आणि गाण्यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात, ती संपली की पुन्हा प्रत्येकाच्या दारात जावं लागतं. 'सॅन अँड्रियास'मधून २०१४च्या अपडेटनं काही गाणी याच कारणानं काढली गेली. वकिलांच्या बैठका महाग, टेक्सचर स्वस्त. म्हणून ज्याचे हक्क एकहाती आहेत आणि ज्याचा खप ठाऊक आहे, तोच गेम पुन्हा पुन्हा निवडला जातो.

कंपन्यांची बाजूही तोलायला हवी. नव्या मोठ्या गेमचा खर्च डोळे पांढरे करणारा आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीच्या कागदपत्रांवरची, आकडे झाकायला फासलेली काळी शाई नीट लागली नाही आणि आकडे बाहेर आले: 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'ला सुमारे २२ कोटी डॉलर आणि शिखरावर २०० माणसं, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला सुमारे २१ कोटी २० लाख डॉलर, ३०० माणसं, पाच वर्षं. एवढं घालून गेम पडू शकतो. 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद करून पैसे परत द्यावे लागले. रिमास्टरमध्ये सगळ्यात महागडा भाग आधीच झालेला असतो. कुठला टप्पा कंटाळवाणा आहे, कुठलं हत्यार फार भारी पडतं, हे शोधायला मूळ टीमनं वर्षं घालवली, शंभर गोष्टी करून फेकून दिल्या. रिमास्टरवाल्याला फक्त उरलेलं मिळतं, फेकलेलं बघावंही लागत नाही. नुकसान होत नाही, पण शिकायलाही काही मिळत नाही.

आणि नवा गेम म्हणजे वीस कोटी डॉलरचाच, हे कुणी ठरवलं? एप्रिल २०२५ मध्ये 'ओब्लिव्हियन'चा रिमास्टर आणि 'क्लेर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन ३३' दोन दिवसांच्या अंतरानं आले. पहिला २००६च्या गेमचा, आत जुनं इंजिन, वर अनरियल फाइव्ह या नव्या इंजिनचा थर. दुसरा तीसेक जणांच्या गाभ्यानं, बाहेरच्यांच्या थोड्या मदतीनं केलेला कोरा नवा गेम. दोन्ही तुफान चालले. 'स्टारड्यू व्हॅली' एका माणसानं केला, 'हॉलो नाइट' तिघांच्या टीमनं. मधल्या आकाराचे नवे गेम परवडतात, ते करायचं धाडस मोठ्या कंपन्यांत उरलेलं नाही एवढंच. त्या 'ओब्लिव्हियन' रिमास्टरला १२५ जीबी जागा आणि १६ जीबी रॅम लागते. सेकंदाला ४० मेगाबिटच्या ब्रॉडबँडवर नुसतं डाउनलोड व्हायला सात तास, आणि रोजच्या २ जीबीच्या मोबाइल पॅकवर दोन महिने. मूळ गेम ४.६ जीबीचा होता. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३वर असताना, पत्र्याखालच्या खोलीत आणि पूर्व भागात असाल तर यंत्रमागाच्या सुताचा धुरळा पंख्यात अडकलेला असताना, असा गेम प्रोसेसरला किती वेळ थंड राहू देईल हे करून बघायची गरज नाही. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग उतरवतो आणि ३० फ्रेमच्या १५ होतात.

आपल्याकडच्या पोरांसाठी या वादाला आणखी एक पदर आहे. सोलापुरात इंजिनिअरिंग करून गेम बनवण्याच्या धंद्यात जायचं तर वाट पुण्याची. तिथल्या कामाचा मोठा हिस्सा परदेशी गेमचे पोर्ट, मॉडेल, टेक्सचर, टेस्टिंग. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टनं 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्‌स ऑफ टाइम'चा रिमेक जाहीर केला, तो पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. चार महिन्यांत, २१ जानेवारी २०२१ला तो येणार होता. ट्रेलर दिसल्याबरोबर चेहऱ्यांवरून, प्रकाशावरून टीकेची झोड उठली. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला. २००३चा मूळ गेम माँट्रियलचाच. जुन्या गेमची तुलना कधीच खऱ्या जुन्या गेमशी होत नाही, ती होते लोकांच्या आठवणीतल्या गेमशी, आणि आठवणीत सगळ्यांचाच राजपुत्र देखणा असतो. अशा परीक्षेला नवख्या टीमला बसवणं आणि तेही रिमेकच्या, हे नियोजन करणाऱ्यांचं चुकलं, काम करणाऱ्यांचं नाही.

२०२० मध्येच, त्याच पुण्यातून 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' आला. नॉडिंग हेड्‌स गेम्सचा, अनरियल फोरवर केलेला. क्राउडफंडिंगमध्ये, म्हणजे लोकांकडून वर्गणी गोळा करण्यात, हात पोळले होते, टीम छोटी होती. लढाई काही ठिकाणी लटकते, गेम लवकर संपतो, हे दोष आहेतच. पण राजस्थानी हवेल्या, छायाबाहुल्यांचा खेळ, हाताशी त्रिशूळ, हे जगात आधी कुणी केलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला मोजायला आठवणीतली पट्टीच नव्हती. नवखी टीम नव्या गेममध्ये चुकली तर तिला त्या चुकीचं काहीतरी मिळतं. रिमेकमध्ये चुकली तर फक्त शिव्या मिळतात. कॉलेजातल्या चार-पाच जणांनी मिळून काही करायचं असेल तर गेम बनवायचं गोडो इंजिन फुकट आहे, खुल्या एमआयटी परवान्याचं आहे, ८ जीबीच्या साध्या डेस्कटॉपवर द्विमितीय गेमला पुरून उरतं. आणि जुन्या गेमवर हात साफ करायचा असेल तर 'डूम'चा कोड १९९७ पासून आणि 'क्वेक'चा १९९९ पासून खुला आहे. तो घेऊन कंपाइल करणं, फ्रेमरेट सोडवणं, रुंद पडद्यासाठी कॅमेरा बदलणं, यातून जे कळतं ते हजार टेक्सचर रंगवून कळणार नाही.

मागण्या करायच्या असतील तर कंपन्यांकडे तीनच पुरे. रिमास्टर आला तरी मूळ गेम त्याच पानावर विकत मिळत राहावा. ग्राफिक्स कार्डाशिवाय चालणारी सेटिंग असावी. विक्री थांबवायची तर कोड खुला करावा किंवा निदान सर्व्हरशिवाय चालेल असं अपडेट द्यावं. शेवटची मागणी हवेतली नाही. 'द क्रू' हा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाल्यावर पैसे देऊन घेतलेल्यांनाही एकट्यानं खेळता येईनासा झाला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेला युरोपात दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ऑनलाइन दुकानाला सांगावं लागतं की तुम्ही गेम विकत घेत नाही, परवाना घेताय. आपल्याकडे यावर चर्चासुद्धा सुरू झालेली नाही.

तोवर हाताशी जे आहे ते वापरावं. स्टीमवर घेतलेला रिमास्टर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. ते दोन तास कथा बघण्यात घालवू नका. सगळ्यात गर्दीच्या जागी जा, पाऊस पडू द्या, फ्रेम मोजा, सेव्ह करून पुन्हा उघडा. जुना 'सॅन अँड्रियास' असेल तर तो प्रोग्रॅम फाइल्समध्ये न टाकता वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, नाहीतर विंडोज परवानगीवरून मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले बदल, बसू देत नाही. फ्रेम लिमिटर चालूच ठेवा आणि सायलेंटपॅच हा चुका दुरुस्त करणारा मॉड बसवा. आणि घरात जुन्या सीडी असतील तर त्यांची प्रत आत्ताच काढून ठेवा. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ स्वतःच्या प्रोग्रॅमची प्रत नष्ट होण्यापासून बचाव म्हणून बॅकअप ठेवू देतं. साधी आयएसओ फाइल, म्हणजे सीडीची एका फाइलमधली प्रत, सगळ्यांना चालत नाही. 'क्वेक'चं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून आहे, ते आयएसओत येतच नाही, त्यासाठी बिन आणि क्यू अशी जोडीची फाइल करावी लागते. सेफडिस्क हे नक्कल रोखणारं संरक्षण असलेल्या सीडी विंडोज टेनवर मुळातच चालत नाहीत, कारण त्यांना लागणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेच्या कारणावरून काढला आहे. त्या गेमला एकतर विंडोज एक्सपी असलेलं जुनं मशीन हवं, नाहीतर कुणीतरी रिमास्टर करायला हवा.